आधी विचार, हा कर कोणाचा

पुण्याची नोकरी सोडून तू बडोद्याला येते आहेस, तेही असा पगार घेऊन, हे ऐकून घरात पेढे वाटून झाले. आता तुझा प्रश्न. आमचा थोरला, म्हणजे तुझा आतेभाऊ, अमेरिकेत पोर्टलंडजवळ राहतो. त्याने तुला सांगितलं की त्याच्याकडे जास्त मिळवणाऱ्यांवर शहराचा म्हणून वेगळा प्राप्तिकर बसतो. मग बडोदा महानगरपालिकाही तुझ्या पगारातून असा काही हिस्सा मागणार का, आणि किती?

मागते, पण तुला वाटतं तसा नाही. सासऱ्यांच्या दांडिया बाजारातल्या पेढीवर चोपडे लिहिता लिहिता मी जे शिकले ते दहा कानमंत्रांत तुला देते. त्यांनी त्यांच्या वडिलांकडून घेतलं होतं. दर तेव्हापासून कितीदा तरी बदलले, पण प्रश्न विचारण्याची रीत बदललेली नाही.

१. तीन प्रश्न, याच क्रमाने

कराची कुठलीही नोटीस, चलन किंवा पगारातली कपात हातात आली की रक्कम नंतर बघ. आधी विचार, ही कोणाच्या तिजोरीत जाणार? दिल्लीच्या, गांधीनगरच्या की खंडेराव मार्केटच्या, म्हणजे आपल्या महापालिकेच्या? मग विचार, ती मोजली कशावर आहे? मिळकतीवर, घराच्या क्षेत्रफळावर की नुसत्या व्यवसाय करण्यावर? आणि शेवटी विचार, हद्द कुठली धरली आहे? तू राहतेस ती, की काम करतेस ती?

या तिन्हींची उत्तरं मिळाली की निम्मी भीती जाते. लोक घाबरतात ते रकमेला नव्हे, तीन तिजोऱ्यांची सरमिसळ झाल्यामुळे. ‘टॅक्स भरला’ असं एका वाक्यात सांगणाऱ्याला मी नेहमी विचारते, कोणता?

२. शहराचा हात २,५०० रुपयांपर्यंतच पोचतो

आपल्या देशात शेतीखेरीज इतर प्राप्तीवर कर लावण्याचा अधिकार केंद्राचा. शहराला तुझ्या मिळकतीला हात लावायचा तर एकच वाट उरते, ती व्यवसाय कराची. गुजरातीत त्याला व्यवसाय वेरो म्हणतात, पगारपत्रकावर तो ‘प्रोफेशनल टॅक्स’ किंवा नुसता ‘पीटी’ म्हणून येतो. राज्यघटनेच्या कलम २७६ ने त्याला छत घालून दिलं आहे. आधी ते वर्षाला २५० रुपये होतं. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ते २,५०० केलं, आणि आजही ते तिथेच आहे. चौदाव्या वित्त आयोगाने ते १२,००० पर्यंत वाढवावं अशी शिफारस केली होती, पण त्यासाठी पुन्हा घटनादुरुस्ती लागते. म्हणून ‘महापालिका आता श्रीमंतांकडून टक्क्याने घेणार’ असं सोसायटीच्या गटावर आलं, तर आधी विचार, घटना कधी बदलली?

गुजरातचा व्यवसाय कराचा कायदा १९७६ चा. वसुली आधी राज्य सरकार करत असे. २००७ मध्ये शहरांची जकात बंद झाली आणि २००८ च्या एप्रिलपासून व्यवसाय कर गोळा करण्याचं काम महानगरपालिका, नगरपालिका आणि पंचायतींकडे आलं. त्यामुळे कायदा गांधीनगरचा आणि वसुली खंडेराव मार्केटची, अशी आपल्याकडची घडण आहे. महाराष्ट्रात तसं नाही, तिथे राज्याचा जीएसटी विभागच हा कर घेतो. चेन्नईत महापालिका सहामाहीने घेते. दिल्ली, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात तो लागतच नाही. दिल्लीची मैत्रीण म्हणाली ‘आमच्याकडे असलं काही नसतं’, तर ती खोटं बोलत नाही. तिची तिजोरी वेगळी आहे, इतकंच.

आता दर. २०२२ च्या एप्रिलपासून गुजरातमध्ये महिना १२,००० पर्यंतच्या पगाराला व्यवसाय कर नाही आणि त्याच्या वर सरसकट महिना २०० रुपये. म्हणजे वर्षाला २,४००. तुझ्या वर्षाच्या साठ लाखांच्या पगारावर २,४०० आणि महिना पंधरा हजार मिळवणाऱ्या मुलावरही २,४००. टक्क्यात मांडलं तर तुझ्या मिळकतीचा ०.०४ टक्का आणि त्याच्या मिळकतीचा १.३३ टक्के. जास्त मिळवणाऱ्यावर शहराचा भार जास्त, हे पोर्टलंडला खरं आहे. बडोद्यात नेमकं उलटं आहे. हे डोक्यात पक्कं ठेव, कारण शेवटच्या कानमंत्राला ते लागणार आहे.

३. मोठा आकडा दिल्लीचा, तो स्वतः मांडून बघ

शहर थोडं घेतं म्हणून निर्धास्त राहू नकोस. जास्त मिळकतीची खरी आच दिल्लीच्या करात आहे, आणि तिथे दोन शब्द नवख्यांना चकवतात: अधिभार आणि उपकर.

२०२५-२६ चे नव्या पद्धतीचे दर घेऊन कागदावर मांडू. करपात्र रक्कम साठ लाख धर. चोवीस लाखांपर्यंतच्या टप्प्यांचा कर होतो ३,००,०००. वरच्या छत्तीस लाखांवर ३० टक्क्यांनी १०,८०,०००. एकूण १३,८०,०००. करपात्र रक्कम पन्नास लाखांच्या वर गेली म्हणून या करावर १० टक्के अधिभार, म्हणजे १,३८,०००. या दोन्हींच्या बेरजेवर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर, म्हणजे ६०,७२०. सगळं मिळून १५,७८,७२०. तुझ्या कंपनीचा आकडा याच्या आसपास नसेल तर लेखा विभागाला फोन कर. लाजायचं कारण नाही.

अधिभाराच्या पायऱ्या लक्षात ठेव: पन्नास लाखांवर १० टक्के, एक कोटीवर १५, दोन कोटींवर २५. नव्या पद्धतीत त्याच्या पुढे जात नाही. जुन्या पद्धतीत पाच कोटींवर ३७ टक्के लागतो.

आणि पायरी नुकतीच ओलांडली असेल तर सीमांत सवलत मागायला विसरू नकोस. करपात्र रक्कम एक्कावन्न लाख असली तर कर ११,१०,००० आणि त्यावर अधिभार १,११,००० असं कोणीतरी सरळ मांडून देतं. पण कायदा म्हणतो, पन्नास लाखांवर जेवढी मिळकत वाढली त्याहून जास्त कर वाढू नये. पन्नास लाखांवरचा कर १०,८०,०००. त्यात वाढीचे एक लाख मिळवले की ११,८०,००० हे छत झालं. म्हणजे अधिभार ७०,००० वर थांबतो. उपकर धरून ४२,६४० रुपये वाचतात. बोनसच्या वर्षी हा हिशोब हाताने करून बघायचाच.

आता तिजोरीचा प्रश्न इथेही विचार. अधिभार आणि उपकर हे राज्यांशी वाटून घ्यायच्या रकमेत येत नाहीत. तुझे १,९८,७२० दिल्लीतच राहतात. मूळ कर वाटपात जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी त्यातले ४१ टक्के राज्यांना आणि राज्यांच्या त्या वाट्यातले ३.४७८ टक्के गुजरातला ठरवून दिले. ढोबळ हिशोबाने तुझ्या १३,८०,००० मधले १९,७०० च्या आसपास गांधीनगरला पोचतात. पुढे बडोद्याला किती, ते अनुदानांवर. सोळा लाखांच्या घरात कर भरून गल्लीतला दिवा का लागत नाही म्हणून चिडणाऱ्याला हा हिशोब समजावून सांगावा. त्याचा संताप खरा असतो, पत्ता चुकलेला असतो.

४. प्राप्तिकर शून्य म्हणजे व्यवसाय कर शून्य नव्हे

तुझ्या धाकट्या भावासाठी हे सांगते. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या मिळकतीला सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत. तरीही त्याच्या पगारातून महिन्याला २०० जातातच. तो मला म्हणाला, ‘आत्या, कर माफ आहे तरी कापलाय!’ माफ दिल्लीने केला आहे. खंडेराव मार्केटने नाही.

उलट बाजूही बघ. व्यवसाय कर भरला म्हणून दिल्लीच्या हिशोबात वजावट मिळते ती जुन्या पद्धतीतल्या पगारदारालाच, तीही त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेल्या रकमेची. नव्या पद्धतीत नाही. फॉर्म १६ मध्ये ती ओळ रिकामी दिसली तर चूक समजू नकोस. मात्र स्वतःचा व्यवसाय असेल तर व्यवसाय कर हा धंद्याच्या खर्चात जातो. नोकरी आणि धंदा यांचं पान वेगळं ठेवायचं ते अशासाठी.

५. पगारावरचा मालक कापतो, धंद्याचा तू भरायचा

तू म्हणालीस की नोकरीबरोबर संध्याकाळी सल्लागारीचंही थोडं काम घेणार. मग ही दोन प्रमाणपत्रं ओळखायला शीक. एक नोंदणी आपल्या स्वतःच्या धंद्यासाठी, तिला पीईसी म्हणतात, तिच्यावर वर्षाला एक ठरावीक रक्कम भरायची. दुसरी, पगार देणाऱ्या मालकासाठी, ती पीआरसी. तिच्यावर नोकरांच्या पगारातून कापलेला कर जमा करायचा. एक भरली म्हणून दुसरी भरली असं होत नाही. चलनं वेगळी, क्रमांक वेगळे.

पेढीवर मी सगळ्यांत जास्त नोटिसा पाहिल्या त्या याच गोंधळाच्या. डॉक्टरांनी स्वतःची पीईसी वर्षानुवर्षं वेळेवर भरलेली आणि दवाखान्यातल्या तीन जणांची पीआरसी काढलेलीच नाही. लाखांचा प्राप्तिकर चोख भरायचा आणि दोनशे रुपयांच्या कराचं व्याज आणि दंड भरायचा, म्हणजे हत्ती गेला नि शेपूट राहिलं.

पगारातून कर जातोच आहे, मग संध्याकाळच्या कामासाठी वेगळी नोंदणी लागते का, हे वॉर्ड ऑफिसात लेखी विचारून घे. ‘बाजूवाला म्हणाला’ हे उत्तर नोटिशीला चालत नाही. दुकान किंवा ऑफिस थाटलंस तर गुमास्ता धाऱ्याची, म्हणजे दुकाने कायद्याची, नोंदणीही महापालिकेतच. दोन्ही कामं एका फेरीत होतात. जीएसटीची नोंदणी करताना अर्जात व्यवसाय कराचे क्रमांक विचारतात, तेव्हा ते हाताशी असू देत.

आणि धंदा बंद केलास तर नोंदणी रद्द करून घे. पाटी उतरवली, शटर ओढलं, भाड्याची जागा सोडली, तरी वहीत तुझं नाव जिवंत असतं आणि दरवर्षीची बाकी चढत जाते. नाव काढल्याची पोच हातात आली की मगच धंदा संपला असं समज.

६. हद्द नकाशावर नव्हे, पावतीवर बघ

बडोदा वाढतं आहे. २०२० मध्ये भायली, सेवासी, उंडेरा, बिल, करोडिया ही गावं महापालिकेत आली. त्याआधी तिथल्या दुकानदाराची व्यवसाय कराची नोंदणी पंचायतीकडे होती. अशा भागात जागा घेतलीस तर आधीच्या मालकाची पावती कोणाच्या नावाची आहे ते बघ. पंचायतीची जुनी पावती दाखवून महापालिकेची बाकी फिटत नाही.

हेच कारखान्यांना लागू. शहराच्या हद्दीत राहणारा इंजिनियर हद्दीबाहेरच्या कारखान्यात जात असेल तर त्याच्या पगारातला कर तो कारखाना ज्या हद्दीत आहे तिथल्या संस्थेकडे जातो. तू अलकापुरीत राहा की मांजलपुरात, तुझा व्यवसाय कर तुझ्या ऑफिसच्या मागे जाईल. घरपट्टी मात्र घराच्या मागे जाईल. म्हणूनच तिसरा प्रश्न: राहायची हद्द की कामाची?

७. पुणं सोडताना एक पाकीट घेऊन ये

महाराष्ट्राचा व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा. रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी तो आला. तिथे महिना २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५००. बायकांना महिना २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे, २०२३ च्या एप्रिलपासून. गुजरातमध्ये अशी वेगळी मर्यादा नाही. बाई असो की पुरुष, बारा हजारांची एकच रेघ.

तू वर्षाच्या मध्यात येतेस. काही महिने महाराष्ट्राचे, काही गुजरातचे. दोन्हीकडे कापलं म्हणून दुहेरी झालं असं नाही, महिने वेगळे असतात. एकाच महिन्याचा दोन्हीकडे कापला असेल तरच तक्रार कर, आणि तीसुद्धा नोकरी सोडतानाच, शेवटच्या हिशोबात. पुढे दोनशे रुपयांसाठी कोणी पत्राला उत्तर देत नाही. शेवटचं पगारपत्रक, फॉर्म १६ आणि नोकरी सोडल्याचं पत्र एका पाकिटात घाल. नव्या कंपनीला जुन्या मालकाने दिलेला पगार कळव, नाहीतर दोघेही तुला खालच्या टप्प्यांची सवलत देतील आणि जुलैत विवरणपत्र भरताना एकदम लाखांचा फरक निघेल. साठ लाखांच्या पगाराला हे नेहमी होतं. त्यावर व्याजही बसतं.

८. शहराचा खरा कर घरावर

बडोद्याला तुझ्याकडून खरी रक्कम मिळायची ती पगारातून नाही, तू घेणार आहेस त्या घरातून. मिळकत वेरो, म्हणजे घरपट्टी, इथे कार्पेट क्षेत्रफळावर बसतो. त्यात चार गोष्टी बघतात: भाग कोणता, इमारत किती जुनी, बांधकाम कोणत्या प्रकारचं आणि आत मालक राहतो की भाडेकरू. तुझा पगार किती याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. दहा कोटी मिळवणारा दोन खोल्यांत राहिला तर दोन खोल्यांचाच भरेल.

याबद्दल चार सूचना. फ्लॅट घेण्याआधी विकणाऱ्याची शेवटची वेरा पावती माग. महापालिकेची बाकी माणसावर नव्हे, जागेवर बसते. मालक बदलला तरी ती जागेबरोबर येते. दुसरं, दस्तावर सही झाली की वेऱ्याच्या वहीतलं नावही बदलून घे. जुन्या मालकाच्या नावाची पावती तुझ्या कामी येत नाही. तिसरं, आगाऊ भरणाऱ्याला महापालिका सूट देते. टक्के आणि तारखा दर वर्षी जाहीर होतात, त्या चुकवू नकोस. चौथं, भाडेकरू ठेवलास की वेरा बदलतो, ते आपणहून कळव.

आणि इथे दिल्लीशी एक चांगला दुवा आहे. घर भाड्याने दिलं असेल तर त्या वर्षी तू स्वतः भरलेला मिळकत वेरो भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. ही सोय नव्या पद्धतीतही आहे. व्यवसाय कराची वजावट नव्या पद्धतीत नाही आणि भाड्याच्या घराच्या वेऱ्याची आहे, हा फरक शिकलेसवरलेले लोकही विसरतात. पण लक्षात ठेव, ‘भरलेला’. मार्चमध्ये भरायचा राहून एप्रिलात भरलास तर वजावट पुढच्या वर्षात गेली.

९. आतेभावासाठी, आणि तू कधी तिकडे गेलीस तर

आता त्याच्या कराकडे. तिथल्या मतदारांनी २०२० मध्ये दोनदा कौल दिला. पोर्टलंड आणि आजूबाजूच्या परिसराची मेट्रो नावाची प्रादेशिक संस्था आहे. तिने बेघरांना घर आणि आधार देण्यासाठी १ टक्का कर लावला, एकट्याच्या १,२५,००० डॉलरच्या वरच्या आणि जोडप्याच्या २,००,००० डॉलरच्या वरच्या करपात्र मिळकतीवर. मल्टनोमा परगण्याने लहान मुलांच्या बालवाड्यांसाठी त्याच मर्यादांवर दीड टक्का, आणि एकट्याच्या २,५०,००० किंवा जोडप्याच्या ४,००,००० च्या वर आणखी दीड. दोन्ही २०२१ पासून सुरू झाले.

आपले तीन प्रश्न तिथेही लाव. तिजोरी दोन वेगळ्या. मोजमाप करपात्र मिळकतीचं, तेही फक्त रेघेच्या वरच्या भागाचं. ‘रेघ ओलांडली की सगळ्या मिळकतीवर कर’ हा गैरसमज तिथेही आहे. आणि हद्द महत्त्वाची: त्याचं हिल्सबोरो गाव वॉशिंग्टन परगण्यात येतं. ते मेट्रोच्या हद्दीत आहे, पण मल्टनोमात नाही. घर आणि काम दोन्ही तिथेच असेल तर बालवाडीचा कर त्याला लागत नाही. उद्या पोर्टलंड शहरात नोकरी घेतली किंवा तिकडे घर घेतलं तर लागू शकतो. तिथली हद्द राहण्याचीही बघतात आणि कमावण्याचीही.

त्याला मी फोनवर एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगते. मालकाने हा कर आपणहून कापायचा तो २,००,००० डॉलर किंवा जास्त पगार असलेल्याचा. नवराबायको दोघंही दीड-दीड लाख मिळवत असतील तर कोणाच्याच पगारातून काही जात नाही, पण दोघांचं मिळून रेघेच्या वर जातं. वरच्याच मर्यादा धरून जोडप्याची करपात्र रक्कम २,६०,००० भरली तर वरच्या ६०,००० वर मेट्रोचा १ टक्का, म्हणजे ६०० डॉलर, आणि वेळेवर न भरल्याचा दंड वेगळा. मालकाला सांगून आधीपासून कापून घ्यावा किंवा हप्त्याने भरावा. भारत आणि अमेरिका यांच्या करारात तिकडच्या बाजूने फक्त संघ सरकारचा प्राप्तिकर येतो, राज्याचा आणि शहराचा नाही. ‘करार आहे ना’ म्हणून तिथे सुटका होत नाही. भरताना चालू वर्षाच्या मर्यादा मात्र बघायच्या.

तो कुरकुरतो, ‘बडोद्यात बरं, चोवीसशे रुपयांत काम झालं.’ त्याला मी सांगते, आपलं बडोदंही एकेकाळी प्राप्तीवर स्वतः कर घेत असे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात जातीजातींवरचे आणि धंद्याधंद्यांवरचे जुने किरकोळ वेरे काढून त्यांच्या जागी प्राप्तीवरचा कर आणला गेला. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि प्राप्तीवरच्या कराचा तो अधिकारही बडोद्याकडून गेला. आज खंडेराव मार्केटच्या त्या १९०६ च्या इमारतीत बसणारी महापालिका अनुदानं, घरपट्टी आणि व्यवसाय करावर चालते.

१०. आता तू पगार देणारी होशील

हा कानमंत्र सगळ्यांत महत्त्वाचा. सल्लागारीचं काम वाढलं की तू एखादा मुलगा किंवा मुलगी कामावर ठेवशील. तेव्हा व्यवसाय कराची बारा हजारांची रेघ तुला आठवली पाहिजे.

त्याचा पगार ११,९०० आहे. तू खूश होऊन २०० वाढवलेस, १२,१०० केलेस. रेघ ओलांडली, २०० कापले, आणि त्याच्या हातात पुन्हा ११,९०० आले. वाढ दिल्याचं समाधान तुला, आणि पैसा महापालिकेला. म्हणून रेघेजवळ वाढ द्यायची तर ती कापल्यावरही त्याच्या हाती वाढ दिसेल इतकी दे, निदान सरळ १२,५०० कर. तुझ्यासाठी हा आकडा किरकोळ आहे, त्याच्या घरात तो गॅसच्या टाकीला हातभार लावतो.

कापलेले दोनशे महिन्याच्या महिन्याला बाजूला काढ आणि मुदतीत जमा कर. ते तुझे पैसे नव्हेत, त्याच्या पगारातून तुझ्याकडे आलेले आहेत. खर्चाच्या खात्यात मिसळले की मार्चमध्ये भरायला जीव जातो. त्याला पगारपत्रक लिहून दे, त्यात कापलेली रक्कम दिसू दे. उद्या त्याला कर्ज काढायचं असेल, घर भाड्याने घ्यायचं असेल, तर तोच कागद लागतो.

तुझ्या स्वतःच्या चोवीसशेंची काळजी तू करू नकोस, ती कंपनीच्या संगणकात आपोआप होईल. शहराच्या या कराचा खरा चिमटा तुझ्याकडे काम करणाऱ्याला बसतो, आणि तो किती बसावा हे बऱ्याच अंशी तुझ्या वहीवर अवलंबून आहे. वही नीट ठेव. जुलैत आलीस की पहिल्या वर्षाचं पान मी तुझ्याबरोबर बसून मांडते.